साहेबांची लेझीम

गणपतीच्या मिरवणुकीत दरवर्षी एखादे बडे साहेब उतरतात. पांढराशुभ्र सदरा, कपाळाला बेताचा गुलाल, मनगटावर भारी घड्याळ. कोणीतरी अदबीनं त्यांच्या हातात लेझीम देतं. साहेब दोन पावलं पुढे, तीन मागे अशी काहीतरी टाकतात. लेझीम कधी ढोलाच्या ठोक्यावर वाजते, कधी ठोका होऊन गेल्यावर सवडीनं वाजते. आणि जमलेला समुदाय टाळ्यांचा कडकडाट करतो. "काय साधा माणूस आहे हो!" शेजारी एक पोरगा उभा असतो. गेली बारा वर्षं श्रावण लागला की तो रोज रात्री घाम गाळून ही लेझीम घोटतोय. त्याच्याकडे कोणी बघत नाही. त्यानं फक्त जरा बाजूला सरायचं आणि साहेबांना जागा करून द्यायची.

युरोपियन अभिजात संगीतातला नामवंत पियानोवादक जॅझ वाजवायला बसला की मला ही लेझीम आठवते. साहेबांबद्दल माझी फारशी तक्रार नाही. हौस कोणाला नसते? माझं भांडण आहे ते टाळ्या वाजवणाऱ्यांशी.

मला स्वतःला पियानो वाजवता येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तो मुद्दा काढायचे कष्ट कोणाला नकोत. आमच्या घराण्यात वाद्य म्हणजे देवघरातली घंटा आणि आरतीच्या झांजा, आणि त्यासुद्धा आतेभाऊ आला की आम्ही लपवून ठेवत असू. पण 1978 साली मुंबईत पहिली जॅझ यात्रा भरली तेव्हा एका मित्राच्या फुकट पासावर रंगभवनात जाऊन बसलो, आणि तेव्हापासून या संगीताच्या जाळ्यात जो सापडलो तो सापडलोच. पुढची बरीच वर्षं पगारातला एक हिस्सा चोरबाजारातल्या जुन्या रेकॉर्डींवर गेला. त्यातल्या निम्म्यांवर ओरखडे होते आणि उरलेल्या निम्म्यांच्या वेष्टनात भलतीच रेकॉर्ड होती. पण त्यामुळेच कान तयार झाला, असं मी घरी सांगतो.

तर मुद्दा असा, की अभिजात पियानोवादकाचा जॅझ तपासायला बसणारे परीक्षक दोन पक्षांचे असतात, आणि दोन्ही पक्षांनी आजवर या विषयाचा पुरता विचका केलेला आहे.

पहिला पक्ष वाहवावाल्यांचा. आमचे एक स्नेही या पक्षाचे आजीव सभासद आहेत. त्यांचं नाव सांगत नाही, कारण त्यांच्याकडे माझ्या सात रेकॉर्डी आहेत आणि मला त्या परत हव्या आहेत. ते डोळे मिटून म्हणतात, "बोटं ऐका, बोटं! काय सफाई आहे!" अहो, सफाई असणारच! तो माणूस वयाच्या पाचव्या वर्षापासून दुसरं काही करत नाहीये. ती सफाई तो घरून घेऊन आलाय. प्रश्न इथे येऊन त्यानं काय केलं हा आहे. नवा जावई हौसेनं सासरी पोहे करतो. पोहे मिठाला कमी, बुडाला करपलेले आणि मध्ये कच्चे. पण सासूबाई म्हणतात, "कोथिंबीर कित्ती बारीक चिरलीय!" वाहवावाल्यांचं परीक्षण हे कोथिंबिरीचं परीक्षण असतं.

पोहे कुठे करपतात ते सांगतो. जॅझमध्ये ज्याला स्विंग म्हणतात त्यात कागदावर दोन स्वर सारख्याच लांबीचे लिहिलेले असतात. वाजवताना पहिला जरा लांबवायचा आणि दुसरा जरा आखडायचा. किती लांबवायचा? इथेच सगळी गोम आहे. संथ लयीत जास्त, जलद लयीत कमी, आणि वादकागणिक निराळा. ते मोजमाप कोणत्याही कागदावर लिहिता येत नाही. कागदावरचं इमानेइतबारे वाजवणं हा ज्याचा जन्माचा संस्कार, तो बिचारा एक प्रमाण ठरवून टाकतो. दोनास एक. आणि ते वाण्याच्या मापासारखं शेवटपर्यंत चोख सांभाळतो. परिणाम असा, की स्टेशनावरून टांगा निघाला आहे आणि घोड्याला घरी जायची मुळीच घाई नाही, असं वाटत राहतं. टडॅक, टडॅक, टडॅक.

दुसरं करपणं लयीचं. भाव दाटून आला की अभिजात पियानोवादक लय किंचित ताणतो, सोडतो. शोपँ वाजवताना ते शोभून दिसतं, कारण तिथे तो एकटा असतो. गाडी त्याची, रस्ता त्याचा. जॅझमध्ये मागे ड्रमवाला आणि बासवाला बसलेले असतात. ठेका आपल्या जागी अढळ राहतो आणि सूर त्याच्यावर कधी मागे रेलतात, कधी पुढे झुकतात. आपल्याकडच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. तबलजी ठेका धरून बसलेला असतो, गवई लयीशी लाडीगोडी करत हिंडतो आणि समेवर दोघं भेटतात. गवयाला गहिवरून आलं म्हणून त्यानं मात्राच लांबवली तर तबलजी काय करील? पानाचा डबा उघडील.

आणि तिसरं, डावा हात. सगळा पियानो एकट्यानं सांभाळायची सवय असल्यामुळे या मंडळींचा डावा हात एक क्षण स्वस्थ बसत नाही. खालचे सूर भरायला शेजारी पगारी बासवाला उभा आहे, याची त्या हाताला वार्ताच नसते. बासवाला मग त्याच सुरांवरून, अंधारात दुसऱ्याच्या चपला चाचपडाव्यात तसा, हळूहळू चालत राहतो.

काही वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका मोठ्या सभागृहात एका मोठ्या पियानोवादकाला ऐकलं. दोघांचीही नावं सांगत नाही. मुख्य कार्यक्रम अप्रतिम झाला. शूबर्ट असा वाजवला की माझ्या शेजारचे अखंड खोकणारे गृहस्थसुद्धा खोकायचे थांबले. मग टाळ्या, पुष्पगुच्छ, पुन्हा टाळ्या. साहेब परत आले, टाय सैल केला, आमच्याकडे बघून डोळा मिचकावला आणि जॅझ सुरू केला. मध्येच थांबले. आता कुठे जावं बरं, अशा विचारात पडल्यासारखे छताकडे पाहते झाले. एकदम काहीतरी सुचल्यासारखे कळफलकावर झेपावले. सभागृह वेडं झालं. दोन दिवसांनी त्यांचा दिल्लीत कार्यक्रम होता. तिथे राहणाऱ्या माझ्या मेहुण्यानं मोबाईलवर चोरून टिपलेलं ते वादन मला पाठवलं. टाय तसाच सैल, डोळा तोच मिचकावलेला, झेप तीच. छताकडे पाहण्याचा विरामसुद्धा तेवढाच लांब. मी घड्याळ लावून मोजला.

आता, आधी लिहून ठेवलेलं वाजवणं हा गुन्हा नव्हे. ज्याँ-इव्ह थिबोदे या फ्रेंच पियानोवादकानं 1997 मध्ये बिल इव्हान्सच्या वादनांची एक रेकॉर्ड काढली. इव्हान्सनं जे त्या-त्या वेळी बसल्या बैठकीला सुचेल तसं वाजवलं होतं ते कोणीतरी कान देऊन कागदावर उतरवलं, आणि थिबोदेनं ते कागद वाजवले. सुंदर रेकॉर्ड आहे. दुसऱ्याचं प्रेमपत्र तिसऱ्यानं सुरेख अक्षरात उतरवून काढावं तसं आहे. पण पत्र आपलं आहे असा आव त्यानं कुठेही आणलेला नाही. निकोलाय कपुस्तिन हा तर याहून सरळ माणूस. तो 2020 मध्ये वारला. तरुणपणी जॅझच्या वाद्यवृंदात पियानो वाजवायचा. पुढे जॅझच्या बोलीत त्यानं कितीतरी रचना केल्या आणि त्यांतला स्वर न् स्वर लिहून ठेवला. त्या वाजवणाऱ्याला अभिजात संगीताच्या फूटपट्टीनंच मोजावं. माझा राग छताकडे पाहणाऱ्यांवर आहे.

दुसरा पक्ष रक्तवाल्यांचा. हे जॅझचे कट्टर भक्त. त्यांच्या मते जॅझ रक्तात असावा लागतो, शिकून येत नाही, आणि ज्याला शाळेची हवा लागली तो कायमचा बाटला. हे ऐकलं की मला पंगतीला सोवळं नेसून बसणारे आमच्या लहानपणचे एक काका आठवतात. रक्ताची गोष्ट काढायचीच तर मग हे सांगा: ऑस्कर पीटरसनला पियानो कोणी शिकवला? पॉल द मार्की या हंगेरियन गुरूनं, आणि या गुरूचा गुरू होता थेट लिस्टचा शिष्य. म्हणजे घराणंच काढायचं तर पीटरसन लिस्ट घराण्याचा! बिल इव्हान्स कॉलेजात अभिजात पियानो शिकून बाहेर पडला. हर्बी हॅनकॉकनं तर वयाच्या अकराव्या वर्षी, 1952 साली, शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर मोझार्टच्या कंचेर्तोचा एक भाग वाजवला होता. शाळेनं बाटायचं असतं तर हे तिघे केव्हाच बाटले असते.

इतकं लांब कशाला जायचं? आपल्या गोव्यात पोर्तुगीज अमदानीपासून चर्चच्या शाळांमध्ये पोरांना स्वरलिपी वाचायला शिकवत. व्हायोलिन हातात यायच्या आधी सोल्फेज घोकून घ्यायचे. ही पोरं मुंबईला आली आणि कुडांतल्या एकेका खोलीत दहा-बारा जण राहून हॉटेलांच्या बँडांत नोकऱ्या करू लागली. तेव्हा टेडी वेदरफर्ड हा अमेरिकेतला काळा पियानोवादक ताजमध्ये बँड चालवत होता. पुढे 1945 साली तो कलकत्त्याला कॉलऱ्यानं गेला. असल्या माणसांच्या शेजारी बसून, रेकॉर्डी झिजेपर्यंत ऐकून गोवेकर जॅझ शिकले. चिक चॉकलेट, म्हणजे अँटोनियो झेवियर वाझ, ट्रंपेट असा वाजवायचा की लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. शाळेतली स्वरलिपी त्यांच्या आड आली नाही. उलट पुढे हिंदी सिनेमाच्या स्टुडिओत तिनंच त्यांना जेवू घातलं. पण रात्रीमागून रात्री कोणाच्या तरी शेजारी बसावं लागलं. या बसण्याला रक्ताची गरज लागत नाही, बुडाची लागते.

फ्रीडरिश गुल्डा हा माणूस मला आवडतो तो या बसण्यापायी. व्हिएन्नाचा. 1946 मध्ये, सोळाव्या वर्षी, जिनिव्हाच्या स्पर्धेत पहिला आला. बेथोव्हेनचे बत्तीसच्या बत्तीस सोनाटे त्याच्या बोटांवर. मार्था आर्गेरिचसारखी शिष्या. एवढं सगळं असताना 1956 मध्ये तो न्यूयॉर्कच्या बर्डलँड क्लबात जाऊन जॅझ वाजवायला बसला, आणि बसला तोही फिल वुड्ससारख्या अस्सल मंडळींच्या संगतीत. त्या रात्रीची रेकॉर्ड मी पुष्कळदा ऐकली आहे. माझं प्रामाणिक मत विचाराल तर साहेब जरा जपून वाजवताहेत. इस्त्रीचे कपडे घालून चिखलाच्या वाटेनं जाणाऱ्या माणसासारखी त्यांची पावलं पडतात. पण कान मात्र पूर्ण वेळ शेजाऱ्यांकडे आहेत, आणि इतरांची पाळी आली की डावा हात गप्प बसायला शिकतोय. मी त्याला पास करीन. पहिला वर्ग देणार नाही, पण पास करीन. आणि मला खात्री आहे, त्याला हाच निकाल आवडला असता.

कारण परीक्षकाची गरज त्याला स्वतःला कळत होती. 1966 मध्ये त्यानं व्हिएन्नात तरुण जॅझ वादकांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरवली. परीक्षक म्हणून कोणाला बोलावलं? ऑपेराच्या समीक्षकांना नव्हे. कॅननबॉल ॲडरली, जे. जे. जॉन्सन, जो झाविनुल, म्हणजे ज्यांचा तो धंदा होता त्यांना! पुढे व्हिएन्नाच्या संगीत अकादमीनं दिलेली बेथोव्हेन अंगठी या गृहस्थानं परत करून टाकली. आणि 1999 मध्ये स्वतःच्या निधनाची खोटी बातमी वृत्तसंस्थेला धाडली, सगळे हळहळून झाल्यावर 'पुनरुत्थाना'चा कार्यक्रम केला, आणि पुढच्या वर्षी 27 जानेवारीला, मोझार्टच्या वाढदिवशी, खरोखरीचा मेला. लहरीपणात तरी तो कोणत्याही जॅझवाल्याला हार गेला नाही.

आता कोणी म्हणेल, एवढं चिडायचं काय त्यात? चार घटका करमणूक आहे, साहेबांनी लेझीम खेळली तर खेळू द्या. आमच्या स्नेह्यांचं हेच म्हणणं आहे. त्यांना मी विचारतो, की जॅझवाला तुमच्या अंगणात आला म्हणजे तुमचा हा मोठेपणा कुठे जातो? कीथ जॅरेटनं 1987 मध्ये बाख ध्वनिमुद्रित केला तेव्हा 'किती मोकळा माणूस' असं म्हणून कोणी गुण वाढवून दिले नाहीत. भिंगं बाहेर निघाली. प्रत्येक स्वर तपासला गेला. आणि तेच योग्य होतं. बेनी गुडमन हा क्लॅरिनेटवाला, ज्याला सारी अमेरिका स्विंगचा राजा म्हणायची, तो 1949 मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, रेजिनाल्ड केल या अभिजात क्लॅरिनेटवादकाकडे शिष्य म्हणून गेला आणि वाद्य ओठांत धरायची पद्धतच मुळापासून बदलून आला. राजानं पुन्हा बिगरीत नाव घातलं! जॅझ वाजवण्यासाठी कोणा साहेबानं असं बिगरीत नाव घातल्याची उदाहरणं शोधू गेलो तर माझ्या हाताची बोटं पुरून उरतात.

आणि काही जणांना तर उंबऱ्यापर्यंतसुद्धा येऊ दिलं नाही. युनिस वेमन नावाची एक काळी मुलगी लहानपणापासून बाख वाजवत मोठी झाली. तिला अभिजात पियानोवादक व्हायचं होतं. 1951 मध्ये तिनं फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूटची प्रवेशपरीक्षा दिली. तिला नकार मिळाला. कातडीच्या रंगामुळे नाकारलं, असं ती जन्मभर सांगत राहिली. संस्थेच्या बाजूनं ते कधी मान्य झालं नाही. पोटासाठी ती ॲटलांटिक सिटीतल्या एका बारमध्ये वाजवू लागली, आणि बारमध्ये वाजवते हे आईला कळू नये म्हणून तिनं नाव बदललं. नीना सिमोन. जग तिला याच नावानं ओळखतं. तिच्या गाण्याच्या मधोमध पियानोवर अचानक बाखच्या वळणाचे सूर एकात एक गुंतत जातात ते ऐकावेत. 2003 मध्ये, तिच्या मृत्यूच्या जेमतेम दोन दिवस आधी, कर्टिसनं तिला मानद पदवी दिली. बावन्न वर्षांनी.

तेव्हा या दारातून ये-जा कशी होती ते बघा. एका बाजूनं जाणाऱ्याला टाळ्या, फुलं आणि 'काय साधा माणूस'. दुसऱ्या बाजूनं येणाऱ्याला परीक्षा, भिंग, आणि कधीकधी नुसतं बंद दार. असं असताना जाणाऱ्याला सवलतीचे गुण का द्यायचे? रक्तवाले म्हणतात तसं शून्य नको आणि वाहवावाले देतात तसे शंभर नकोत. जो निकष ड्रमच्या शेजारी जन्म काढलेल्या माणसाला, तोच यांना.

निकष काय म्हणाल तर मी एकच लावतो. हर्बी हॅनकॉक एक गोष्ट सांगतो. साठीच्या दशकात श्टुटगार्टला माइल्स डेव्हिसच्या बँडबरोबर तो वाजवत होता. कार्यक्रम रंगात आलेला, आणि ऐन वेळी यानं साफ चुकीची सुरावट दाबली. हॅनकॉकला वाटलं, मेलो. माइल्सनं क्षणभर श्वास घेतला आणि ट्रंपेटवर असे काही सूर काढले की ती चुकीची सुरावट बरोबर ठरली. चूक झाली असं माइल्सला वाटलंच नव्हतं. काहीतरी घडलं आणि त्यानं ते ऐकलं, एवढंच. तर अभिजात पियानोवादकाचा जॅझ ऐकताना मी या क्षणाची वाट बघत बसतो. शेजाऱ्यानं काही भलतं केलं तर साहेबांना ते ऐकू येतं का? ऐकू आल्यावर वाट बदलते का? की मिरवणूक ठरल्या रस्त्यानं विसर्जनाला निघते? हे तपासायला पियानो यावा लागत नाही. त्यासाठी पियानोवरून लक्ष काढून ड्रमवाल्याकडे द्यावं लागतं. पियानोवादकाच्या हरेक वळणावर ड्रमवाला हसतोय, दचकतोय, चवताळतोय असं ऐकू आलं तर समजावं, बोलणं चाललंय. तो निमूटपणे हप्ते भरल्यासारखा ठेका भरत असेल, तर साहेब एकटेच बोलताहेत.

परवा स्नेही नवी रेकॉर्ड घेऊन आले. कव्हरवर साहेबांचा मोठा फोटो, टाय सैल. "ऐकाच!" म्हणाले. मी विचारलं, "ड्रमवर कोण आहे?" त्यांनी कव्हर उलटंसुलटं केलं, चष्मा लावला, मग चष्मा काढून कागद डोळ्यांशी नेला. नाव होतं, पार खाली, छापखान्याच्या पत्त्याच्या वर. ते वाचायला शेवटी नातवाला हाक मारावी लागली.